ओरडणाऱ्या काकांपासून अकरा पावलं

"आता माझ्या दारात खणलंत तर तुम्हालाच पुरीन!" मी पालिकेच्या मुकादमावर ओरडलो. नव्या रस्त्याच्या काँक्रीटखाली पाण्याचा व्हॉल्व्ह गाडला गेला होता आणि आठ दिवस गल्ली कोरडी होती. सात खड्डे झाले होते. आणखी हातभर खणलं असतं तर विजापूर लागलं असतं.

तेवढ्यात समोरच्या शाळेतल्या तिसरीच्या बाई आल्या. समोरचा जितका ओरडेल तितका त्यांचा आवाज खाली जातो. परिसर अभ्यासाच्या तासाला त्या पुस्तक मिटून पोरांना गल्ली मोजायला पाठवतात. "बाई पोरांना उनाड करतायत," हे सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायचो.

त्यांनी गेल्या वर्षी, रस्ता व्हायच्या आधी, पोरांनी काढलेला गल्लीचा नकाशा उलगडला. त्यात चावणारा कुत्रा होता, 'ओरडणारे काका' म्हणून मी होतो, आणि माझ्या पायरीपासून अकरा पावलांवर लोखंडी झाकण.

"पोरांच्या चित्रावर खणू व्हय?" मुकादम हसला.

बाईंनी तिसरीतल्या एका मुलीला चालायला लावलं.

"धा, अकरा! हितंच की, बाई!"

पहार पडली, झाकण खणकन वाजलं. व्हॉल्व्ह उघडताच नळ असे गरजले की तिकडं मोहोळच्या बाजारातली जनावरं दचकली असतील! गल्ली नाचली. मी बाईंपुढं चक्क हात जोडले.

नकाशा न्याहाळत त्या म्हणाल्या, "उत्तर दिशा दाखवायची राहिलीय."