रेशनची बाजरी

मी सुदुंबऱ्याची, बाजरीच्या भाकरीवर वाढलेली. लग्न होऊन टाकव्याला आले, तर तिथे सगळा तांदळाचा कारभार. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी पीठ मळायची काटवट माझ्यापुढे सरकवली. मी माहेरच्या सवयीने तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं. थापतानाच भाकरीला चिरा पडल्या आणि तव्यावर तिचे तुकडे झाले. तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, हे मला सुदुंबऱ्यात कोण सांगणार होतं? पण सासूबाईंनी चुलीपुढून उठवलं ते उठवलंच. दळण माझं, पाणी माझं, भांडी माझी. घरची सून असून चुलीपुढे जागा नाही, हे मला फार लागलं.

मग जर्मनची लढाई आली. सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, लेव्हीत, आमचा तांदूळ गेला आणि वडगावहून रेशनची बाजरी घरात आली. सासूबाईंनी ती तांदळासारखी एकदमच दळायला काढली.

"आत्याबाई, बाजरी लागंल तेवढीच दळावी," मी म्हणाले.

"तू गप दळ."

दळली. आठवडा व्हायच्या आत पीठ कडू झालं. सासऱ्यांनी पहिला घास तोंडातून काढून ठेवला. असलं कडू धान्य माणसांना देतात म्हणून सासूबाई सरकारच्या नावाने बोटं मोडू लागल्या. सरकारचं मला काही नव्हतं, पण बाजरीला कुणी नावं ठेवलेली मला खपेना.

पुढच्या खेपेची बाजरी आली, तशी कुणाला न विचारता मी दोन मुठी जात्यात घातल्या. ताजं पीठ मळलं, थापलं, भाकरी टम्म फुगली. सासऱ्यांनी ती संपवून दुसरी मागितली. सासूबाईंनी उभ्याउभ्याच एक तुकडा मोडून खाल्ला.

"ही ग्वाड कशी?"

"बाजरी तीच हाय, आत्याबाई. पीठ आजचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी माझ्याकडे आली. सासूबाई शेजारी बसून बघायच्या. दोनचार त्यांनीही थापल्या, मोडल्या, मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दिवाळीच्या सुमाराला नवा तांदूळ घरात आला. आता आपलं काम संपलं, असं समजून मी मुकाट्याने चुलीपुढून उठले. सासूबाईंनी चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं आणि माझा पदर धरला.

"उठतीस कुटं? बाजरीची तू मला शिकिवलीस न्हवं? पानी उकळस्तवर बस हितं."