पाहुण्यांचे सामान

ट्रंकेची एक कडी धरून काका ती जराशी उचलून बघत. मग खाली ठेवून म्हणत, "राहू द्या हो. सामान काय जेवायला मागतं?"

ज्यांनी मध्यभारताची वर्षे पाहिली त्यांना आठवत असेल, तेव्हा आपले सरकार दोन गावांत राहत असे. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळा लागला की इंदूर. दप्तरांबरोबर आम्ही कारकूनही हलत असू. मी गौतमपुऱ्याचा, घराण्यातला पहिला बी.ए. ती नोकरी मला देवाने ओंजळीत घातल्यासारखी वाटे. इंदूरच्या मुक्कामात सराफ्यामागच्या गल्लीत मला एक खोली मिळाली. घरमालकांना आम्ही सगळे बिऱ्हाडकरू काका म्हणत असू.

'बिऱ्हाडकरू' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर चालत नसे. त्यांचे वडील आणि आजोबा दरबारात पाहुण्यांची व्यवस्था बघत. संस्थान गेले, काम गेले आणि राहत्या घरातल्या खोल्या भाड्याने देण्याची वेळ आली. त्याची काकांना फार लाज वाटे. म्हणून आम्ही पाहुणे. भाडे आम्ही कोनाड्यात ठेवायचे आणि तेवढा वेळ त्यांनी खिडकीबाहेर बघायचे, असा रिवाज पडला होता.

आणि पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? ग्वाल्हेरला निघताना जो तो म्हणे, "काका, एवढं राहू दे का? चैत्रात येतोच आहे." ट्रंका, वळकट्या, सुरया, एकाची आरामखुर्ची. टांगेवाल्याने काही आपटले तर काका धावत. "आराम से भिया, पाहुण्यांचं आहे!" लेखा विभागातल्या एका गृहस्थाने तर पोपट ठेवला.

काकू पिंजऱ्यापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, हे सामान जेवायला मागतंय बरं का."

"मग दे ना. ताजी मिरची दे. कालची नको, पाहुण्याचा आहे."

हे सगळे माजघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत जाई. माझी पुस्तकांची ट्रंकही तिथेच होती. ती खोली कशाची, हे मी कधी विचारले नाही.

एका हिवाळ्यात रजेवर गावी जाताना काकांकडे उतरलो. घरात बारशाची गडबड होती. काकांची एकुलती मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. तिची बाज माजघराच्या कोपऱ्यात होती. आडोसा म्हणून दोरीवर एक लुगडे टाकले होते आणि फटीतून वारा येई तसे ते हले.

काकू स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली ती आतली. माझी सासू तिथंच बाळंत झाली, मीही तिथंच. दोन महिने यांच्या मागं लागले होते, खोली मोकळी करा, पोर येतेय. तर म्हणे, पाहुण्यांनी विश्वासानं ठेवलंय, उघड्यावर कसं काढू? ग्वाल्हेरला दोन ओळी टाका म्हटलं, तेही होईना. म्हणे, सामान न्या असं कुठल्या तोंडानं लिहू?"

तेवढ्यात देवासहून विहीणबाई आल्या. त्यांनी नातवाला पाहिले, लुगड्याकडे पाहिले आणि विचारले, "बाळंतिणीला खोली नाही का तुमच्याकडे?" उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच आतल्या खोलीचे दार ढकलले. ट्रंका आढ्याला टेकल्या होत्या. पोपट ओरडला.

"वा! पोपटसुद्धा खोलीत, आणि आमची सून लुगड्याआड!"

बारशाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी हात जोडले. "चुकलं, विहीणबाई."

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. मी आत जाऊन माझी ट्रंक ओढू लागलो, तर काका मागून आले आणि झाकणावर हात ठेवून कुजबुजले, "नका हो. पाहुण्यानं आमच्या घरातून सामान उचललं, एवढं तरी त्यांना दिसायला नको."

पुढे मध्यभारत संपला, राजधानी भोपाळला गेली. पाहुणे एकेक करून येऊन सामान घेऊन गेले. पोपटही गेला. माझी ट्रंक न्यायला मी सर्वांत शेवटी पोहोचलो. ट्रंक ओसरीवर काढून ठेवलेली होती. खोलीला नवा चुना दिलेला, मध्ये बाज, तिला नवे सुंभ. दार सताड उघडे.

"मुलीला पुन्हा दिवस गेलेत," काका म्हणाले. "दुसरं बाळंतपण सासरी करतात, मला कळतं. पण पहिल्याचं राहून गेलं ते मला करू द्या, असं विहीणबाईंना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही शिकलेले, सरकारी माणूस. खोली डोळ्यांनी बघितलीत. देवासला जाऊन येता का?"

दुसऱ्या दिवशी मोटारीने गेलो. विहीणबाईंनी आग्रहाने जेवू घातले. माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "खोली मोकळी झाली, खरंय. पण सरकार भोपाळला गेलं म्हणून झाली. त्यांनी कुठं केली?"

निघताना मुलगी अंगणापर्यंत आली.

"बाबांना सांगा, लुगड्याआड मला काही त्रास नव्हता. पलीकडे ते खोकायचे ते ऐकू यायचं. बरं वाटायचं."

काका ओट्यावर वाट बघत बसले होते. विहीणबाई नाही म्हणाल्या, एवढेच सांगितले. मोकळ्या खोलीबद्दलचे त्यांचे बोलणे सांगितले नाही. मुलीचा निरोप मात्र जसाच्या तसा दिला.

"तिनं तसंच म्हणायला हवं," ते म्हणाले. "मुलगी आहे."

त्यानंतर मी त्या घरी गेलो तो काका गेल्याचे कळल्यावर. देवासहून मुलगी दोन्ही मुलांना घेऊन आली होती. आतल्या खोलीत बाज तशीच होती, तिच्यावर स्वच्छ चादर. मुलीचे अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात, जमिनीवर होते.

काकू म्हणाल्या, "चार दिवस सांगतेय, खोलीत नीज म्हणून. ऐकत नाही."