अर्जाची पोच

बँकेतल्या साहेबांनी आधी माझं आडनाव वाचलं. मग मार्क. मग आबांकडे बघून म्हणाले, "तुमच्या लोकांना तर सगळं फुकटच असतं की. कर्ज कशाला?"

आबा उभे होते. माझे वडील, वरव्याजवळच्या एका कारखान्यात हेल्पर. त्या दिवशी खाडा करून आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कोणी म्हणालं नाही. आणि न सांगता बसायचं नसतं हे आबांच्या अंगात इतकं मुरलेलं, की मलाही बसवेना.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही भोंगवलीचे, बौद्ध. मी बीएस्सी झाले होते, गणितात वर्गात पहिली. पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. फी, हॉस्टेल, मेस धरून दोन वर्षांचे साठ हजार लागणार होते. स्कॉलरशिप होती, पण तिचा भरवसा नव्हता. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची रक्कम माझ्या हातात तिसऱ्या वर्षी पडली होती. मेसवाला तोवर थांबत नाही. शैक्षणिक कर्जाची पाटी तालुक्यातल्या या बँकेच्या दारातच लावलेली होती, म्हणून आम्ही आत आलो होतो.

आमच्या आधी त्याच टेबलावर माझ्या वर्गातला एक मुलगा येऊन गेला. गणितात काठावर पास. एमबीएला निघाला होता. मी बाकावर बसून सगळं ऐकत होते. साहेब त्याच्या वडिलांना म्हणाले, "समजा, पंधरा हजार पगार. सहज फेडेल." चहा आला. कागद झाले. नोकरी लागली नाही तर काय, असं कोणी विचारलं नाही.

माझ्या वेळी साहेबांनी पैसे काढायची एक स्लिप उलटी करून तिच्यावर आकडे मांडले. "गणित घेऊन ही काय करणार? शिकवण्या. समजा, महिना दोन हजार. बाराशे खर्च. उरले आठशे. हप्ता तेराशे. आणि दोन वर्षांत लग्न करून जाणार." स्लिप त्यांनी माझ्याकडे नाही, आबांकडे सरकवली. "बघा, पोरगी तोट्यात आहे तुमची. बीएड करू द्या. भल्याचं सांगतोय."

"व्हय साहेब," आबा म्हणाले.

मला आबांची लाज वाटली. मग ती वाटली म्हणून स्वतःची वाटली. साहेब शेवटपर्यंत गोडच बोलत होते. आजही कोणी भल्याचं सांगायला लागलं की मी आधी बघते, यात त्याचं काय वाचतंय.

स्लिप मी उचलून आणली होती. एसटीत बसून तिच्यात चूक शोधत राहिले. वजाबाकी, व्याज, हप्ता. चूक नव्हती. खरं सांगते, त्या वेळी मला साहेबांचं पटलं. आकडे जुळले की ते खरंच असतं अशी माझी भाबडी समजूत होती. शिवाय शंका माझ्याही मनात होती. तासिकेवर राबणारे, सुट्टीत बिनपगारी बसणारे सर मी कॉलेजात पाहिले होते. एमएस्सी होऊन किराणा दुकान चालवणारेही पाहिले होते.

फाट्यावर उतरून चालताना डोक्यात उजेड पडला. वजाबाकी बरोबर होती. 'समजा' त्यांचे होते. त्या मुलाला पंधरा हजार समजा, मला दोन. तो कमावणार समजा, मी लग्न करून जाणार समजा. एवढं एकदा धरलं की उत्तर तेच येणार. कोणीही करा.

आणि दुसरं. अर्ज माझ्याच पिशवीत होता. साहेबांनी तो नाकारला नव्हता. घेतलाच नव्हता. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर, अशी कोणी मुलगी आलीच नाही.

मग मी माझं गणित मांडलं. वाईटात वाईट धरून. नोकरी नाही, नुसत्या शिकवण्यांचे तेच दोन हजार. घरी राहून, खर्च हजारावर आणून. तरी आठ वर्षांत कर्ज फिटत होतं.

सोमवारी एकटी गेले.

"अर्ज घ्या आणि पोच द्या. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट लिहून द्या."

साहेब हसले. "असं लिहून देत नसतात."

"मग पोच द्या."

आता ते हसले नाहीत. "कोण आहे तुझ्यामागं? कुठल्या संघटनेची आहेस?"

माझ्यामागं कोणी नव्हतं. पण मी ते सांगितलं नाही. असू दे संशय. नेहमी आम्हीच का घाबरायचं? मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. जेवणाची सुट्टी झाली, लोक डबे खाऊन परत आले, मी तिथंच. काउंटर बंद व्हायच्या वेळी साहेबांनी शिक्का मागवला, कागदावर आपटला आणि कागद माझ्यापुढे फेकला. मी तारीख नीट उमटली आहे का ते तपासूनच उठले.

पंधरा दिवसांनी पोस्टानं नकार आला. 'परतफेडीची क्षमता शंकास्पद.' तो कागद मला हवाच होता. त्याला माझं गणित जोडून मी बँकेच्या वरच्या ऑफिसला पाठवलं. मग स्मरणपत्र. मग आणखी एक. शेवटी कर्ज मंजूर झालं, पण तोवर त्या वर्षीचा प्रवेश हातचा गेला होता. पुढच्या प्रवेशापर्यंत वर्षभर मी आबांच्याच कारखान्यात पॅकिंगला उभी राहिले.

मंजुरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आबांनी नसरापूरहून पेढे आणले. "चल, सायबाला दिऊन यिऊ. लई उपकार झालं."

"न्हाई, आबा."

"आगं, रीत हाय ती."

"रीत न्हाई, भ्या हाय त्ये. कर्ज दिलंय त्येंनी, दान न्हाई. व्याजासकट घेनार हायेत. आन माजं एक वरीस गेलं, त्येचं व्याज कोण देनार?"

आबांनी पेढ्यांचा पुडा आईकडे दिला. "सोड. पोरं खातील," म्हणाले.

मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. हप्ता भरायला मी त्या बँकेत जाईन. दर महिन्याला, तारीख न चुकवता. पावती घेईन. हात जोडणार नाही.