सुतकातली ग्रामसभा

मंगळवारी सकाळी वडील गेले. शुक्रवारी ग्रामसभा होती.

सभेपुढं विषय एकच होता. दौलताबादच्या पुढं आमच्या गावच्या शिवारात, काळ्या खडकाखाली खोलवर कोळसा असावा आणि त्या कोळशात गॅस असावा, असं एका कंपनीचं म्हणणं होतं. आधी तपासणीचा बोअर, सापडलं तर पुढचं काम. पहिल्या बोअरची जागा आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. विहीर आमची आणि शेजारच्या चाचांची, सामायिक. दोन्ही घरांची मोसंबी तिच्यावरच.

उन्हाळ्यात कंपनीचा साहेब नकाशा घेऊन आला, तेव्हा मी शहरातून, गारखेड्याच्या सासरहून गावी आले होते. तो म्हणाला, कोळशातलं पाणी उपसल्याशिवाय गॅस वर येत नाही. वडिलांनी विचारलं, "मग आमच्या विहिरीचं काय?"

"ते पाणी वेगळं, काका. हे फार खालचं."

"हे विहिरीला म्हाईत हाय का?"

सगळे हसले. साहेबही हसला. वडील हसले नाहीत. त्या दिवसापासून ते घरोघर जाऊन सांगत होते, सभेला या, हात वर करा. निम्मं गाव आमच्या भावकीचं. ती सगळी घरं तयार झाली. उरलेल्या गावाला कंपनीनं रस्ता आणि नोकऱ्या देऊ म्हणून सांगून ठेवलेलं होतं.

मग वडील गेले आणि भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. सभा नेहमीप्रमाणे मारुतीच्या सभामंडपात. सुतकात देवळाची पायरी चढायची नसते. भावानं ग्रामसेवकाला फोन केला. तारीख वरून ठरलीय, बदलता येणार नाही, असं उत्तर आलं.

शुक्रवारी सकाळी चाचा अंगणात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी एकटा काय करू, बेटी? भावकीतलं एक तरी मानूस पायजे. तू चल."

मी आधीच दिवस मोजले होते. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. माझं गुरुवारी संपलं होतं. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत होतं. ते शहरात न्यायचं वडिलांनी दर वेळी लांबणीवर टाकलं. ओसरीवर बसलेल्या माणसांत पायरी चढता येईल अशी मी एकटीच होते. मी उठले. चपलेत पाय घातला.

"कुठं निघालीस?" थोरल्या चुलत्यांनी विचारलं.

"सभेला. माझं सुतक काल फिटलं."

"फिटलं?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तीन दिसांत बाप परका झाला व्हय गं?"

आई आतून बघत होती. वडील कशासाठी दारोदार फिरले, एवढं मी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी पाय चपलेतून काढला आणि खाली बसले.

चाचा जरा वेळ थांबले आणि निघून गेले.

देवळाच्या कर्ण्यावरून ग्रामसेवकाचं वाचन ओसरीपर्यंत येत होतं. शब्द लागत नव्हते. आम्ही सगळे जमिनीकडं बघत ऐकत होतो. मग टाळ्या वाजल्या. चुलत्यांनी डोळे मिटले.

चाचा परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. "विरोधात असनाऱ्यांनी हात वर करा म्हनले. मी केला. मागं वळून पाह्यलं, कुनीच नाय. ग्रामसेवक म्हनला, चाचा, घ्या आता खाली, लिवून झालं."

सातव्या दिवशी मला सुचलं. सभा शाळेत घ्या, एवढंच म्हणायला हवं होतं. शाळेची पायरी सुतकात चालते. भावाला सांगितलं. तो म्हणाला, "हे आता कुणापुढं बोलू नको. थोरल्या काकांपुढं तर नकोच."

तेराव्यानंतर सगळी भावकी सह्यांचा अर्ज घेऊन पंचायतीत गेली. थोरले चुलते सर्वांत पुढं होते. अर्ज घेतला, पोच दिली. ठराव वर गेलाय म्हणाले.

बोअर अजून झालेला नाही. विहिरीजवळ लाल रंगाच्या चार खुंट्या ठोकलेल्या आहेत. ठरावाची नक्कल माझ्याकडं आहे. तीत विरोधात एकच हात नोंदलेला आहे, तो चाचांचा.