नवऱ्याचा भाव पाडणारी बाई

काकूंनी चौतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. काचेच्या नळ्या टेबलावर यायच्या आणि आकडे होऊन कागदावर जायच्या. एक आकडा चुकला तर भलत्याच माणसाला भलतंच औषध, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा बघायचा, ही सवय हाडीमांसी खिळलेली. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना ‘लॅबवाल्या काकू’ म्हणत. घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांचे चित्रकार यजमान. मूलबाळ नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे बहिणीची मुलगी राहायची, विमा कंपनीत नोकरीला होती. अडीअडचणीला तीच.

यजमान म्हणजे अवलियाच. अठ्ठ्याहत्तर वय, दम्यानं पोखरलेली छाती, पण हातातला ब्रश सुटत नव्हता. जन्मभर चित्रं विकली ती मातीमोल भावात. घर चाललं काकूंच्या पगारावर. “लाल रंग आपल्या दोघांच्याही हाताला,” ते म्हणायचे, “पगार मात्र एकीलाच.”

अशा घरात एक दिवस आकडेवाला आला. हे नाव काकूंनीच ठेवलेलं. तिशीतला, नम्र, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. त्याची कंपनी लोकांचे पैसे गोळा करून त्यातून चित्रं विकत घ्यायची, जसे कुणी शेअर घेतात तशी. दहा वर्षांपूर्वी चित्रं विकणारी एक गॅलरी बंद पडली, तेव्हा यजमानांची चाळीस चित्रं कंपनीनं एकगठ्ठा उचलली होती. कंपनीचा स्वतःचा निर्देशांक होता. एकच चित्र दोनदा विकलं गेलं की दोन भावांमधला फरक धरायचा, असे हजारो फरक एकत्र करायचे आणि त्यातून एक रेघ काढायची. रेघ वर गेली की चित्रांत पैसा आहे.

“काकांची रेघ अजून आडवीच आहे,” तो हसून म्हणाला, “पण आम्हाला आशा आहे.”

दर पंधरा दिवसांनी तो यायला लागला. येताना संत्री आणायचा. दुपारी यजमान झोपलेले असत, मग काकूंशीच गप्पा व्हायच्या. काका जिना चढतात का? भूक कशी आहे? डॉक्टर काय म्हणाले? काकूंना बरं वाटायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तब्येतीचे आकडे मांडले. आपल्या माणसाची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. त्या भडाभडा सगळं सांगायच्या.

एकदा त्यानं भेट म्हणून टर्पेंटाइनचा मोठा डबा आणला. रंग पातळ करायला लागतं तेच, उग्र वासाचं. डॉक्टरांनी त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्या वासानं छाती आवळते म्हणून. हे काकूंनीच त्याला मागच्या खेपेला सांगितलं होतं.

“अरे, मी बोलले होते ना तुला?”

“अय्यो, विसरलोच मी काकू.” त्यानं जीभ चावली. “असू दे, कुणाला तरी द्या.”

विसरला असेल. माणूस विसरतो. काकूंनी डबा बाहेर बाल्कनीत नेऊन ठेवला. आपलं आपल्यालाच हसू यावं अशी शंका मनात आली, पण ती काही जाईना.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडून करार आला, भाचीच्या ईमेलवर. यजमानांना दरमहा मानधन मिळणार, बदल्यात दर तीन महिन्यांनी त्यांचे तपासण्यांचे कागद कंपनीला पाठवायचे. भाची तो छापून देणार होती. ती आली ती चेहरा पाडून.

“मावशी, बस जरा. त्यांनी चुकून दुसरीही एक फाइल जोडलीय.”

पहिल्या पानावर आलेख होता. मधोमध एक उभी रेघ. तिच्या डावीकडे भाव जमिनीला टेकलेला, उजवीकडे जिना चढल्यासारखा वर. उभ्या रेघेखाली लिहिलं होतं: चित्रकाराचा मृत्यू.

“म्हणजे?”

“माणूस गेला की नवी चित्रं यायची थांबतात. आहेत तेवढीच. मग मागणी वाढते, भाव चढतो. दोनशे चित्रकारांवरून काढलंय हे.”

नमुना कुणाकुणाचा घेतलाय, ते काकूंच्या डोळ्यांनी सवयीनं शोधलं. “आणि जे गेल्यावर त्यांची चित्रं कुणी विचारलीच नाहीत, ते कुठेत?”

“ते नाहीतच यात. विकलं जातं तेवढंच मोजतात.”

“धडधाकट माणसांचंच रक्त तपासून गाव निरोगी म्हणायचं, त्यातली गत,” काकू म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता, कारण भाचीनं पान उलटलं होतं.

दुसऱ्या पानावर नावांची यादी होती. अकराव्या ओळीत यजमान. वय अठ्ठ्याहत्तर. हयात. ज्ञात चित्रं दोनशे चौदा. अपेक्षित कालावधी दीड ते दोन वर्षं. आणि प्रकृतीच्या रकान्यात: ‘झोपताना दोन उशा लागतात, दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घेतात.’

ते वाक्य काकूंचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. समोर बसून, संत्रं सोलता सोलता सांगितलेला.

कुणी तरी आपल्या नवऱ्याच्या मरणाची वाट बघतंय, तीही तारीख टाकून, आणि तारखेसाठी लागणारी माहिती आपणच चहासोबत दिली. त्या दिवसापासून काकूंची पाचावर धारण बसली. दाराला दुसरी कडी लावली. संत्री कचऱ्यात टाकली, करारही. औषधांची पाकिटं फोडलेली तर नाहीत ना, हे उजेडात धरून बघायला लागल्या. यजमान जिन्यात थांबले की त्या मागून हळूच म्हणायच्या, “अहो, वर चला आधी, इथे नका उभे राहू.” कोण बघतंय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आकडेवाला आला तेव्हा त्यांनी दार पुरतं उघडलंच नाही. साखळीच्या फटीतून म्हणाल्या, “हे बाहेर गेलेत. फिरायला. रोज जातात.”

“वा! दमत नाहीत?”

“छे!”

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. लांब, ओली. फटीपलीकडे आकडेवाल्याची नजर क्षणभर खाली गेली, जणू तो मनातल्या मनात काही नोंदवत होता. काकूंनी दार लोटून दोन्ही कड्या घातल्या.

मार्ग सापडला तो त्या यादीतच. फाइल त्यांनी इतक्यांदा वाचली होती की पाठ झाली होती. एका सकाळी त्या एका आकड्यापाशी थबकल्या. दोनशे चौदा. आकडा चुकीचा होता. पलंगाखाली, माळ्यावर, कपड्यांच्या कपाटामागे यजमानांनी वर्षानुवर्षं कोंबलेली चित्रं कुणी मोजली होती?

त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलेलं एका दमात. ऐकताना यजमान आधी हसले. “म्हणजे मेल्यावर तरी मी कमावता होणार म्हण की!” मग फाइल हातात घेतली, अकरावी ओळ वाचली आणि हसू ओसरलं.

“दीड ते दोन वर्षं,” ते म्हणाले. “डॉक्टर तर असं काही बोलले नाहीत मला.”

“डॉक्टरांनी नाही सांगितलेलं ते. मी बोलले ते घेऊन यांनी मांडलंय.” काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “ऐका माझं. आतली सगळी चित्रं बाहेर काढू. हजार असली तर हजार. सगळ्या जगाला कळू दे किती आहेत. ढिगानं असलेल्या वस्तूला कोण भाव देतं? तुम्ही असलात काय नि नसलात काय, त्यांना फरकच पडायला नको.”

“अगं, पण ती फसलेली चित्रं आहेत! माझी खरकटी. ती लोकांपुढे मांडू?”

“मांडा.”

“माझं नाव धुळीला मिळेल.”

“नाव मिळू दे. माणूस राहू दे.”

दोन दिवस यजमान ती चित्रं बघायलाही तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पलंगाखाली काठी घातली आणि पहिलं चित्र ओढून काढलं. तीन आठवडे काम चाललं. काकू नाकाला फडकं बांधून धूळ पुसायच्या, भाची फोटो काढायची, आणि यजमान खुर्चीत बसून प्रत्येकाच्या मागे सही करायचे, कारण सही नसलेलं चित्र कुणी मोजत नाही. काही चित्रांवर सही करताना ते तोंड फिरवायचे. काकूंनी प्रत्येक आकडा दोनदा तपासला. नुसती घरातलीच भरली सहाशे अकरा.

यादी भाचीनं सगळ्यांना दिसेल अशी इंटरनेटवर चढवली. एक प्रत कंपनीला पाठवली. चित्रं हवी त्यांनी येऊन फ्रेमच्या किमतीत घेऊन जावीत, असंही खाली लिहिलं.

चौथ्या दिवशी आकडेवाल्याचा फोन आला. “काकू, हे काय करून बसलात? काकांचा आकडा कोसळलाय. आमच्या चाळीस चित्रांचं काय आता?”

फोन दोन्ही हातांनी धरून काकू म्हणाल्या, “तुमच्या यादीत चूक होती. ती दुरुस्त केली.”

“तुमचंही नुकसान झालं यात.”

“झालं.”

तो पुन्हा आला नाही. कंपनीनं ती चाळीस चित्रं मिळेल त्या भावाला काढून टाकली. घरी मात्र माणसं येत राहिली: कुणी शिक्षिका, कुणी बसचालक, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. रिकाम्या भिंतीवर लावायला काहीतरी हवं म्हणून ती चित्रं न्यायची. काहींना यजमान फसलेलं चित्र देताना आधीच माफी मागायचे. दाराची दुसरी कडी काकूंनी काढली नाही ती नाहीच.

फाइलमधला कालावधी उलटून गेला. तिसऱ्या थंडीत यजमानांच्या छातीत पाणी झालं आणि अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. काकू बाहेर बाकावर बसायच्या. नर्स कागद घेऊन गेली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. आकडे वाचता येत असल्यानं तर जास्तच. बाराव्या दिवशी यजमान घरी आले, निम्मे झालेले. दोन दिवस नुसते पडून होते.

तिसऱ्या दिवशी उठून ते चित्र रंगवायच्या कोऱ्या लाकडी फळीपुढे बसले. हात वरच्या कडेपर्यंत पोचेना. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि ब्रश खाली ठेवला.

“अगं,” ते म्हणाले, “ही सुताराकडून अर्धी कापून आण.”

काकूंनी फळी काखेत मारली आणि जिना उतरल्या.