मेलेली बाटली

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी नुसता वाचायला येतो, आणि बहुतेक वेळा चिडून निघून जातो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही. कुणी घाबरावं म्हणून हे लिहीत नाहीये. मला राग आलाय आणि तो उतरत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही सेलूचे. घरामागे जिनिंग आहे. हंगामात खिडकीच्या जाळीला कापूस चिकटतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. धाकटी बहीण मंजू समुद्रातल्या जिवाणूंवर पीएच.डी. करत होती. तिच्याआधी आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. तिचे जिवाणू अमोनियावर जगतात आणि त्याचं नायट्राइट करतात. पुढे दुसरे जिवाणू त्याचं आणखी काही करतात, आणि नायट्रोजनचं चक्र फिरत राहतं. तिला सापडलेल्या जातीचा सगळा जीनोम तिने वाचला होता. हे काम करणारं जनुक त्यात कुणीच न पाहिलेल्या प्रकारचं निघालं... असं तिचं म्हणणं. तिच्या गाइडला ते पटत नव्हतं.

मग तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि ती घरी आली. येताना जुन्या साडीत गुंडाळून बाटल्या आणल्या.

"समुद्राचं पाणी सेलूत कशाला आणलंस गं?" आई म्हणाली.

"आई, माझी लेकरं हायेत त्यात. नवसागर खातात, म्हणजे अमोनियाचं मीठ."

"कल्हईवाल्याचा नवसागर? ते तेवढं खायलेत, आन् तू दोन घास खाईनास!"

लॅबमध्ये राहिलेल्या बाटल्यांकडे ती घरी आल्यावर कुणी बघितलं नाही. त्या मेल्या. म्हणून मधे जरा बरं असलेल्या दिवसांत तिने पाच बाटल्यांत नवं पाणी भरलं, आणि प्रत्येकीत जुन्यातले थोडे जिवाणू सोडले. पाचवी मात्र तिने आईच्या कुकरमध्ये घातली आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन मारली. बूच उडू नये म्हणून आईने बाटलीच्या गळ्याला देवाजवळचा लाल दोरा आवळून बांधला होता. मी शेजारीच उभा होतो.

"ही मेलेली," मंजू म्हणाली. "हिच्यात रंग आला नाही, तरच बाकीच्यांचा रंग खरा."

रंग म्हणजे असं – बाटलीतले थेंब सिरिंजच्या सुईने पांढऱ्या वाटीत काढायचे, वर तिचं औषध टाकायचं. नायट्राइट असेल तर गुलाबी होतं. मेलेली बाटली सगळ्यात आधी तपासायची, आणि दर वेळी नवी सुई. जुन्या बाटल्यांवर तिने मला हे शिकवलं. माझा हात अडखळला की म्हणायची, "दादा, पुस्तकाला कव्हर घालायलास काय? सोड की थेंब!"

नव्या बाटल्यांत रंग यायला आठवडे लागतात. तो यायच्या आत ती गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत जुन्या बाटल्याही मेल्या होत्या.

तेरावा झाल्यावर गाइडचा फोन आला. सांत्वन पटकन उरकलं. मग म्हणाले, "आजारपणात लेबलांची गडबड झालेली असणार. तो जीनोम मला भेसळीचा वाटतो. जिवंत कल्चर असेल तर पाठवा, नाहीतर ते काम बाजूला ठेवावं लागेल." लेबलांची गडबड! एका हाताला सलाइन लावलेली असताना दुसऱ्या हाताने नीट, सुवाच्य लेबलं लिहिणारी पोरगी ती.

मी दर रविवारी सकाळी तपासत राहिलो. सगळ्या वाट्या कोऱ्या. आणि मग एका रविवारी, भर उजेडात, पहिलीच वाटी गुलाबी झाली. लाल दोऱ्याची. बाकीच्या चारही कोऱ्याच राहिल्या. मी नवी सुई घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरमिसळ झाली म्हणावं, तर मिसळायला दुसऱ्या बाटल्यांत जिवंत काही नव्हतंच.

तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडे, स्नेहलकडे, मी स्वतः नमुना घेऊन गेलो. काही दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, तिचाच आहे. जीनोम तंतोतंत जुळतो. ते जनुकही आहे." मग म्हणाली, "फक्त... तो दोरा सोडून टाका. सरांना सांगू, जिवंत बाटलीतलं आहे म्हणून. कुणाला कळणार आहे?"

मी बराच विचार केला. पण खोट्याला वाव राहू नये म्हणूनच तर तिने ती बाटली केली होती. मी सरांना खरं ते लिहिलं. उत्तर आलं – "मारलेल्या बाटलीत वाढ होते, म्हणजे माझी शंकाच खरी. मंजूच्या हातच्या कुठल्याच निकालावर विसंबता येणार नाही."

काम बाजूला ठेवलं गेलं.

आई मात्र खूश. "कुकरमधनं जगून आली माझी लेक, आन् तू लेबलाचं घेऊन बसलायस!" शेजारच्या काकू बाटलीला घालायला हार घेऊन आल्या. मी तो हिसकावून खिडकीबाहेर फेकला. असा मी याआधी कधी वागलो नव्हतो.

राग गाइडवर आहेच. पण लिहिता लिहिता कळतंय, त्याहून जास्त तिच्यावर आहे – ती असलीच तर. मी मानत नाही. पण क्षणभर मानलंच, तर मंजू, चार बाटल्या ठेवल्या होत्या ना तुझ्यासाठी? त्यातल्या कुठल्याही एकीत आली असतीस तर तुझं नाव राहिलं असतं. जी मेलेलीच राहायला हवी होती, नेमकी तीच का?

कुकर, बूच, सुई, दोरा... सगळं मनात कितीदा उलगडून पाहिलं. उत्तर सापडत नाही. कुणाला सापडलं तर सांगा, पण हार घेऊन येऊ नका.

रविवारी मी अजूनही त्या बाटलीत चिमूटभर नवसागर सोडतो. चिडतो, आणि सोडतो. उपाशी ठेववत नाही.