उतारावरचे बारीक धावडे

हैदराबादच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात त्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे सुट्टीत गावी आलो की लोक मला काहीही विचारायचे. तापाचं औषध, सरकारी अर्जातलं उर्दू, पाऊस कधी येईल. येत नसलं तरी मी उत्तर द्यायचो. हे लिहायला अजूनही जड जातं.

आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडे, डोंगराला लागून. वरच्या खडकाळ उतारावर धावड्याची दाट झाडी होती. उन्हाळ्यात आई तिथं डिंक वेचायची. त्या वर्षी एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, कोळशासाठी निम्मी झाडं तोडायचा परवाना घेऊन आला. कोणती निम्मी, ते गावानं गेरूची खूण करून दाखवायचं होतं.

पाटील म्हणाले, "कालेजात शिकतोस ना बे? मंग सांग, कोनती तोडावी?"

"बारीक तोडा, जाड ठेवा," मी म्हणालो. "बारीक झाडं कोवळी असतात. पाच-सात वर्षांत पुन्हा होतील."

आई टोपलं घेऊन मागं उभी होती. "बारीक दिसत्यात रं, पन..."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"गप बस की बाई," कोणीतरी हसत म्हणालं, "पोरगं सायेब झालंय तुजं."

आई टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेली. गेरू मीच लावला.

त्या हिवाळ्यात कॉलेजात भूगोलाच्या मास्तरांनी उत्तरेकडच्या थंड जंगलांचा धडा घेतला. तैगा म्हणतात त्यांना. मैलोन्‌मैल सुईसारख्या पानांची झाडं, खाली शेवाळ, आणि कित्येक ठिकाणी त्याखाली कधीच न वितळणारी जमीन. उन्हाळा इतका थोडा की झाडाला वाढायला सवडच मिळत नाही. तिथलं मनगटाएवढं खोड आपल्या आजोबांहून म्हातारं असू शकतं, असं मास्तर उर्दूत सांगत होते. आग लागली, कुऱ्हाड चालली, की माणसाला वाटतं वाढेल पुन्हा. पण तोडणाऱ्याच्या नातवालाही ते जंगल दिसत नाही.

माझी लेखणी थांबली. तिथं बर्फ होता. आमच्याकडे खडक होता.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा आई पाट्यावर मिरची वाटत होती. मी विचारलं, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा ती वरची झाडं केवढी होती?"

"तेवढीच की. सासूबाईंनी दावली तवा बी मनगटाएवढीच व्हती."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

तिचा हात थांबला नाही. "सांगत व्हते की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. उताराखालच्या ओढ्याकाठची जाड झाडं, ओलीवर झपाट्यानं पोसलेली, तशीच उभी होती. वर नुसते बुंधे. फुटलेले कोंब शेळ्यांनी खाल्लेले. मी कुंपणासाठी बोरीच्या काट्या तोडल्या आणि आईला विचारलं, "कोणत्या बुंध्याला लावू?"

ती एकेका बुंध्याची साल नखानं खरवडून बघत गेली. हिरवी लागली तिथं थांबायची. फार ठिकाणी थांबली नाही.

शेवटच्या बुंध्याभोवती काट्या दाबताना तिनं विचारलं, "किती वर्सं लागत्याल रं?"

"माहीत न्हाई, आई," मी म्हणालो.